विहिरीचं वळण

रविवार, ८ फेब्रुवारी, चाकूर

स्वतःचाच लई राग आलाय. ट्रायथलॉनला तीन आठवडे उरले. पोहणं, मग सायकल, मग पळणं. आणि मी पहिल्यातच गार.

चार महिने शाळेत शिकवायला जाण्याआधीची चाळीस मिनिटं चुलतभावाच्या गोल विहिरीत घिरट्या मारल्या. नेहमी डावीकडंच वळत, तशी सवयच पडली. शंभर झाल्या की छाती फुगायची.

आज पहिल्यांदा धरणावर गेलो. काठावर चपला काढल्या, पलीकडच्या पंपघराचा नेम धरला आणि मान खाली घालून हात मारत राहिलो. बऱ्याच वेळानं मान वर काढली, तर समोर माझ्याच चपला! मोकळ्या पाण्यातही अंग डावीकडं वळत गेलेलं. इतकं कसं कळलं नाही मला?

चपलांशेजारी सुनीता मोबाइलात डोकं घालून बसलेली. "आलाव का? पार तिकडं जाऊन?" बायकोनं इतक्या कौतुकानं विचारलं, की मी "हाव" म्हणून गेलो. तिनं तिथूनच नांदेडला भावाला फोन लावला. "तुझे दाजी धरण पार करून आले!"

मी खाली बघून चपला घालत राहिलो.

उद्या पहाटे पुन्हा विहीरच. शाळेआधीच्या चाळीस मिनिटांत एवढ्या लांबचं धरण कुठून आणू?