फ्यूजच्या पेटीतलं बाळंतपण

ती. ताईस,

धाकट्याचा रागाने थरथरणारा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या गच्चीतली झाडं ठीक असतील असं धरून चालतो, कारण सविस्तर विचारपूस करण्याइतकं डोकं आज ठिकाणावर नाही.

गेले सतरा दिवस आपल्या घरात वीज नाही. (हो, मी अजून वायरमनच आहे.) व्हरांड्यातला फ्यूज उडाला, मी पकड घेऊन पेटी उघडली, तर आत दयाळ पक्ष्याचं घरटं आणि त्यात चार अंडी! घरटं अलगद टोपलीत हलवावं म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात बाबा पेटीसमोर हात पसरून उभे. "आधी मला बाजूला कर!" आईने तिथल्या तिथे मातृत्वावर आठ ओळी रचल्या, आणि माझी सख्खी बायको, जिचं मिक्सरशिवाय एक दिवस चालत नाही, ती म्हणाली, "वा! पुन्हा म्हणा ना." (आपल्या घराचं हे कवितेचं वेड लग्नाआधी मी तिच्यापासून लपवलं होतं. आता तीच वही घेऊन फिरते.)

फ्रिजचं कपाट झालंय. मी चुरगळलेल्या शर्टात कामाला जातो. शुक्रवारी दुपारी सगळे लवंडल्यावर गुपचूप पेटीपाशी गेलो, तर त्या मादीने कपाळावर अशी चोच मारली की टाका घालावा लागला. बाबांनी आस्थेने विचारपूस केली. तिची! वर 'पकडवाला दैत्य' अशी कविता करून अख्ख्या गल्लीला ऐकवली. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेली. त्यांच्या नव्या दवाखान्याचं वायरिंग मला मिळणार होतं. "तुमच्याच घरात अंधार आहे म्हणे?" एवढंच म्हणाल्या. काम गेलं. घरी येऊन मी ओरडलो, तर आई म्हणते, "हळू बोल, पिल्लं दचकतील."

बस्स झालं. या दोघांना तुझ्याकडे घेऊन जा, नाहीतर मी तरी येतो.

तुझा संतापलेला,
भाऊ

ता. क. लगेच निघू नकोस. काल एक पिल्लू पेटीतून खाली पडलं. मी स्टुलावर चढून परत ठेवलं. स्टूल बाबांनी धरलं होतं. मादी नुसती बघत बसली.

पुन्हा ता. क. घरी कुणाला सांगू नकोस, पण सोबत माझ्या सात ओळी आहेत. आठवीसाठी 'दयाळ'ला यमक हवंय. 'गयाळ' सुचलं होतं, पण बाबांना वाटेल त्यांच्यावरच आहे.