यकृताची अनुकूल बाजू

३ सप्टेंबर, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. मराठीत. शाळेत सिस्टर आमच्याकडून इंग्रजीत डायरी लिहून घ्यायच्या आणि मग स्वतः वाचायच्या, त्यामुळे लहानपणभर मी डायरीत फार चांगली मुलगी होते. ही कोणी वाचणार नाही. इथे फक्त खरं.

आज युनिव्हर्सिटीचा पहिला दिवस. विषय: भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन धर्म, भाषा आणि संस्कृती. बसमध्ये शेजारणीने विचारलं, तर माझं सांगून होईपर्यंत तिचा स्टॉप आला.

वर्गाच्या दारात सर भेटले. माझ्या लेकीपेक्षा लहान. म्हणाले, पालकांसाठी बाहेर खुर्च्या आहेत. मी आत जाऊन पहिल्या बाकावर बसले.

संकल्प: डिसेंबरपर्यंत लॅटिन, उन्हाळ्यापर्यंत ग्रीक. लॅटिन तसं मला येतंच. शाळेच्या क्वायरमध्ये सगळी लॅटिन गाणी तोंडपाठ होती, फक्त अर्थ बघायचा राहिला होता.

हे बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. मी पुढच्या वर्षी ॲडमिशन घेणार होते, यांनीच हट्ट धरला. याच वर्षी जा, म्हणाले. एवढी घाई यांनी लग्नाच्या वेळीही केली नव्हती.

११ सप्टेंबर

लॅटिनची चाचणी. वीसपैकी चार. कारण उघड आहे: माझं लॅटिन चर्चचं, सरांचं सैनिकांचं. मला देवाशी बोलता येतं, सरांना फक्त छावणीत ओरडता येतं. असं सरांना नम्रपणे सांगितलं. सर म्हणाले, क्रियापदं दोन्हीकडे तीच आहेत.

शेजारी बसणारी मुलगी कानातून हेडफोन काढत नाही, तरी तिला सोळा मिळाले. ती मला आधी आजी म्हणाली. मी काकूवर आणलं.

घरी आले तर यांनी कॉफी केली होती, माझ्यापुरतीच. आता कॉफी नको वाटते म्हणे. वासही नको. चांगलं झालं. मी कधीपासून सांगत होते कमी करा.

२४ सप्टेंबर

हॉलला नवीन पडदे लावले. पिवळे. अभ्यासाच्या जागी प्रसन्न उजेड हवा. शाळेच्या चॅपलमध्ये दुपारी असाच उजेड पडायचा, रंगीत काचांमधून, आणि आमच्या सगळ्यात भांडखोर सिस्टरसुद्धा त्यात संत दिसायच्या.

हे त्या उजेडात बरे दिसत नाहीत. पिवळा रंग यांना सूट होत नाही. मला होतो.

५ ऑक्टोबर

आजचं लेक्चर म्हणजे माझ्यासाठीच होतं. विषय: शकुन. त्या लोकांना सगळीकडे खुणा दिसायच्या. पक्षी कुठून कुठे उडाला, वीज कोणत्या बाजूला पडली, बळीच्या मेंढीचं यकृत कसं निघालं. रोमच्याही आधीचे, इटलीतले एट्रस्कन पुजारी यकृत हातात घेऊन एखाद्या घराचं पुढचं सगळं सांगायचे. सर म्हणाले, या विद्येला पाठांतर कमी लागतं, नजर जास्त लागते. नजर मला आहे. सिस्टर म्हणायच्या, या मुलीच्या नजरेतून काही सुटत नाही. (त्या कॉपीबद्दल बोलत होत्या, पण तेच ते.)

प्रोजेक्टसाठी यकृत निवडलं. मातीचं मॉडेल करून त्यावर वाचन करून दाखवायचं. हेडफोनने (त्या शेजारच्या मुलीला मी हेच म्हणते) वीज निवडली. सोपी आहे.

यांच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं दिसलं. स्क्रू ड्रायव्हरने पाडलंय, कडा फाटल्या आहेत. कॉफी सोडल्याचा परिणाम.

१३ ऑक्टोबर

अभ्यास झाला नाही. कारण हे. ग्रीक मुळाक्षरं गिरवायला बसले, तर म्हणाले, अगं, जरा इकडे ये, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे असतो बघून ठेव. बघितला. परत बसले. मग फ्यूज. मग गीझर. मग बँकेचा पासवर्ड कसा बदलायचा. प्रत्येक गोष्टीवर यांनी स्वच्छ अक्षरात स्टिकर लावलेत. मी म्हटलं, अहो, हे तुम्ही करता ना, मग मला कशाला? म्हणाले, येत असलेलं बरं.

हा मत्सर आहे. निवृत्त माणसाची बायको शिकायला लागली की असं होतं. मासिकात वाचलंय. दुर्लक्ष करायचं.

१९ ऑक्टोबर

यांना खाज सुटते. रात्रभर अंग खाजवत असतात. साबण बदलला.

तळमजल्यावरचे डॉक्टर जिन्यात यांच्याशी बोलत उभे होते. मी आले तसे गप्प झाले. माझ्या हातात ग्रीक व्याकरण होतं. शिकलेल्या माणसांना दुसऱ्याच्या शिक्षणाचा धाक लगेच वाटतो. मी हसून वर गेले.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ

यकृत झालं! डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून केलं. बशीएवढं. एका टोकाला अंगठ्याएवढा उंचवटा, त्याला यकृताचं डोकं म्हणतात. मधून एक रेघ. रेघेच्या एका बाजूला जे दिसेल ते आपलं, म्हणजे अनुकूल. दुसऱ्या बाजूचं शत्रूचं. आपल्या बाजूच्या सगळ्या खुणा मी छान, ठसठशीत केल्या.

हे समोरच्या खुर्चीत बसून बघत होते. इतका रस यांनी माझ्या कशातच घेतला नव्हता. हे काय, ते काय. बोट फिरवत विचारलं, खरं यकृत एवढंच असतं का? मी म्हटलं, मेंढीचं. मग त्या डोक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे नसलं तर? पुस्तकात आहे ते सांगितलं: डोकं नसलं, तर ज्याच्यासाठी बघितलं त्याचं काही खरं नाही.

हे म्हणाले, बरं. आणि सूप प्यायला गेले. अर्धंच प्यायले. माझ्या हातचं सूप पूर्वीपासून यांना आवडत नाही.

२ नोव्हेंबर

हेडफोन प्रोजेक्ट बघायला घरी आली. यांनी तिला विजेवर कितीतरी प्रश्न विचारले, दोघं खूप हसले. जाताना दारात ती मला म्हणाली, काकू, काकांचे डोळे पिवळे दिसतात. तिला पडदे दाखवले. ती पडद्यांकडे बघत राहिली आणि मग हेडफोन न लावताच जिना उतरली.

९ नोव्हेंबर

यकृताचं डोकं पडलं. माती वाळली आणि निखळलं. सकाळी उठून बघते तर टेबलावर वेगळं पडलेलं. मला रडूच आलं, एवढ्याशा मातीसाठी. यांनी चष्मा लावला, गोंद काढला आणि दुपारभर धरून बसले. मध्ये दोनदा डोळा लागला. वय झालं आता. पण चिकटवलं. जोड दिसतसुद्धा नाही.

नणंदेचा फोन. एरवी ती वर्षाकाठी दोनदा करते, आता रोज. वहिनी, तू धीर सोडू नकोस, म्हणाली. मी म्हटलं, अगं, प्रोजेक्ट आहे, नीट होईल. मग म्हणाली, हो, होईल. तिला शिक्षणाचं एवढं कौतुक असेल असं वाटलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

सरांना यकृत दाखवलं. काम सुबक आहे म्हणाले. मग एक क्षुल्लक चूक काढली. मी चुकीच्या खुर्चीत बसून वाचलंय. पुजारी ज्या बाजूला उभा राहतो तिथून बघायचं. म्हणजे मी जे सगळं अनुकूल म्हणून केलं ते शत्रूच्या बाजूला गेलं. आपली बाजू कोरी.

घरी येऊन यांच्या खुर्चीत बसून बघितलं. इथून बरोबर दिसतं. म्हणजे हे इतके दिवस बरोबर बाजूने बघत होते.

दुरुस्त करायला हवं. उद्या.

२५ नोव्हेंबर

दुरुस्ती झाली नाही. सर्दी होती. शिवाय संपूर्ण वाचन दुसऱ्या खुर्चीतून नव्याने लिहायचं म्हणजे काम आहे.

यांच्या कोपराच्या आत कापूस चिकटवलेला. विचारलं तर म्हणाले, रक्त दिलं. या वयात रक्तदान! अभिमान वाटला. दोन ओळींत नणंदेला मेसेज केला. तिने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.

६ डिसेंबर

लेक आली! न कळवता. एवढ्या लांबून, ऑफिसची रजा काढून. माझी मौखिक परीक्षा आहे म्हणून आली असणार, म्हटलं तर ती म्हणाली, हो आई, त्यासाठीच. आणि माझ्या गळ्यात पडून कितीतरी वेळ राहिली. नर्व्हस मी आहे की ती.

मग बाबांजवळ जाऊन बसली. आत दोघं हळू बोलत होते. मी दाराशी गेले आणि परत आले. क्रियापदं राहिली होती.

१३ डिसेंबर, सकाळ

उद्या परीक्षा. तयारी पूर्ण. क्रियापदं सोडून. यकृत टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं. हे म्हणाले, एकदा ही परीक्षा होऊ दे, मग निवांत बोलू. मी म्हटलं, कशाबद्दल? म्हणाले, असंच.

मग गीझर परत समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, अहो, येतो मला गीझर. माझा आवाज चढला. का कोण जाणे.

१४ डिसेंबर, दुपार

नापास.

खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिते. पिशवीतून यकृत काढलं तर डोकं परत निखळलेलं. बसच्या धक्क्याने असेल. टॉवेलात वेगळं पडलं होतं. मी ते लावायला गेले, तर सर म्हणाले, राहू दे, हे तर उत्तमच झालं. आता असंच वाचा. डोकं नाही. काय अर्थ?

मी बघत राहिले. सरांना वाटलं, मी घाबरले. हळू आवाजात म्हणाले, "काकू, हे तुम्हाला येतं. प्रोजेक्टमध्ये तुम्हीच लिहिलंय."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

सरांनी तीन वेळा विचारलं. मी तीन वेळा तेच सांगितलं. बाहेर हेडफोन थांबली होती. तिने माझी पिशवी घेतली आणि बसपर्यंत आली.

घरी हे आणि लेक टेबलाशी बसले होते. मी सांगितलं, नापास झाले. हे म्हणाले, काय विचारलं? मी सांगितलं.

"येत नव्हतं?"

"येत होतं."

यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "अगं, तुझी परीक्षा बुडू नये म्हणून मी चार महिने तोंड दाबून बसलो, आणि तू नापास होऊन आलीस?"

आणि हसायला लागले. पोटाला हात लावून हसले, दुखत होतं तरी. मीही हसले. लेक उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मग मी स्टूल घेतलं आणि पडदे काढले. हे म्हणत होते, उतर, पडशील. सगळे काढले. बाहेर ढग होते, उजेड अगदी पांढरा आला. यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि नीट बघितलं.

पडद्यांचा काही दोष नव्हता.