अंगणातला नियम

शुक्रवार, १२ जून
हॉटेल, खोली ३१२

लाडक्या तायडे,

शालोम. आई-पप्पांना नमस्कार सांग. मी ठणठणीत आहे. पत्रास कारण आहे, पण त्यासाठी धीर गोळा करतेय. तोवर इकडचं ऐक.

खोली छान आहे, खिडकी मात्र उघडत नाही. बाकीच्या पोरी खरेदीला गेल्यात. मला कुणी "येतेस का?" म्हणालं नाही. म्हणाल्या असत्या तरी कुठल्या तोंडाने जाणार होते?

काल आम्ही व्हॉलीबॉलचा सामना हरलो, ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. की माझे सामने अजून बघत नाहीस? पाचवा सेट, त्यांचे चौदा, आमचे तेरा. सर्व्हिस आली ती नेमकी माझ्या आणि कॅप्टनच्या मधोमध. मी ओरडले आणि जागची हललेच नाही. चेंडू आमच्या दोघींमध्ये पडला, स्पर्धा संपली. कोचबाई म्हणाल्या, "अगं, बोंबललीस तर एवढ्या मोठ्याने, मग थांबलीस कशाला?" मी म्हटलं, पाय घसरला.

साफ खोटं. संघात "माझा!" असं ओरडायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, "अनी!" आपल्या अंगणातलं, प्रार्थनेच्या हिब्रू भाषेतलं 'मी'. आठवतं ना? एकीने "अनी" म्हणायचं आणि दुसरीने "घे" म्हटल्याशिवाय चेंडूला हात लावायचा नाही. डोक्यावर डोकी आपटू नयेत म्हणून तूच केलेला नियम.

तायडे, परक्या देशात, हजारो लोकांसमोर, मी तुझ्या "घे"साठी थांबले होते.

आता कारण. चार वर्षांपूर्वीची ती निवड चाचणी शनिवारी होती. शब्बाथला खेळायचं नाही, दोघींनीही जायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. मी मैत्रिणीकडे जाते सांगून सटकले. तू माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायचीस. तू आली असतीस तर ही जर्सी तुझ्या अंगावर असती, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तुला सांगितलं नाही. तुला न विचारता घेतलेला तो माझा पहिला चेंडू.

ऊन उतरायला लागलंय. आज सूर्य मावळून शब्बाथ लागायच्या आत पेन खाली ठेवायचंय. हल्ली एवढं पाळते, हसू नकोस. इथे मला फार एकटं वाटतं गं. चार वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस, तेव्हा लांबलचक उत्तर मागत नाही. एकच शब्द पाठव.

तोवर जागची न हललेली,
अनी!