समुद्राचं पाणी अन् तांब्याचा हंडा

३ जाने., बुलढाणा
रिपोर्ट आला. माझ्या पॉलिमरच्या मण्यांनी समुद्राच्या पाण्यातलं तांबं भसाभसा ओढलं! मणी म्हणजे नुसती भोकंच भोकं, पाणी आरपार जाते, धातू अडकते. सरांनी पेढे आणले. तीन वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारली. पीएच.डी. आता होतेच.

११ जाने., सुलतानपूर
घरी आली. दिवाळीत लॅब बंद, म्हणून कोकणातून एसटीनं आणलेले कॅन इथंच ठेवले होते. मायले सहज म्हटलं, पाणी लय भारी निघालं.
म्हणे, "निघीनच. म्या हंड्यात ओतून ठेवलं होतं. समुद्राचं तीर्थ प्लास्टिकमंदी कसं ठेवाव?"
मी कॅन न्यायच्या आदल्या दिवशी तिनं परत कॅनमंदी भरलं म्हणे. रोज हळदकुंकूही वाहलं.
तांबं समुद्राचं नाही, हंड्याचं.
मग मी लय बोलली. अडाणी म्हटलं. तुले समुद्र कधी दिसला तरी का, म्हटलं. ती चुलीपाशी बसून राह्यली, माझं वाढलेलं ताट तसंच. मले तवा जरा बरं वाटलं. खोटं काऊन लिहू.

१२ जाने., बुलढाणा
सरांना सांगितलं. पेपर जर्नलकडे गेलाय, मागे घेऊ म्हटलं. त्यांनी दार लावलं.
"मग पीएच.डी.पण सोड. तुझ्यासारख्या गावाला परत गेल्या की इथं कुणाला आठवतसुद्धा नाहीत."
बाहेर येऊन मोजपात्रं धुतली. सगळी.

२ फेब्रु.
नवीन पाणी आणलं, थेट लॅबमध्ये. मण्यांना जवळपास काहीच लागलं नाही.

९ फेब्रु.
जर्नलवाले म्हणतात, प्रयोग पुन्हा करून आकडे पाठवा. सर चहा पीत म्हणाले, पहिल्यांदा पाणी जसं ठेवलं होतंस तसंच ठेव, कुठे ते लिहायची गरज नाही. नाहीतर या कामाला दुसरी मुलगी बघतो.

१५ फेब्रु., सुलतानपूर
कॅन घेऊन आली. माय आता माझ्या सामानाले हातही लावत नाही. मीच म्हटलं, हंड्यात ओत.
"काऊन? तवा तं नासलं म्हनत होती."
"आता चालते."
"म्हंजे म्या बरोबर केलं होतं?"
मी हो म्हटलं.
केवढी खुलली! चिंच घेऊन हंडा घासाले बसली. शेजारच्या काकूले सांगून राह्यली, पोरीच्या संशोधनाले आपला हंडा लागते. कॅनचं झाकण मी अजून उघडलं नाही. ती दोनदा विचारून गेली.