जुन्या कम्प्युटरचा भाव

मेडशी, ११ नोव्हेंबर

प्रसेनदादा, जयभीम.

तुया कम्प्युटर मी काल विकला. पुन्याहून जुने कम्प्युटर जमवनारे एक साहेब आले होते. फोटो पाहूनच त्यायनं पंधरा हजार सांगतले होते. म्हनाले, "पिवळा पडला असला तरी पुसू नका. फक्त चालू झाला पाहिजे."

चालू झाला. पडद्यावर तुई चिठ्ठी होती, 'बाबासाठी' नावाची. तुया लग्नावरून बाबाशी भांडून तू घरातून निंगाला, तवा मले म्हनला होता, "रूपा, त्यात लिहून ठेवलं हाये. बाबाले वाचून दाखव." मी तुयावर चिडून होती. एकोनीस वर्षं मी बटनच दाबलं नाही. बाबा मात्र मरेपर्यंत म्हनत राह्यले, "पोरगा जातानी एक शबद बोलला नाही." मी ऐकून घेत होती.

काल साहेबासमोर वाचली. एकच ओळ होती, "बाबा, मी तिले घेऊन घरी येऊ का?"

ते चिठ्ठी ज्याच्यात हाये ते डिस्क मी ठेवून घेतो म्हनलं, तं साहेब म्हनाले, "आतली डिस्क मूळचीच हवी. नाहीतर सातच देईन."

मी डिस्क काढून घेतली अन् सात हजारात कम्प्युटर देऊन टाकला.

तुले वाटत असन, बाबानं वाचलं अन् उत्तर देलं नाही. म्हनून तू बाबा गेले तवा मातीलेही आला नाही. खरं सांगतलं तं बाबावरचा तुया राग जाईन, पन मंग तुले बहीन राहनार नाही.

पाकिटावर पत्ता लिहून तीन घंटे झाले. पोस्टात जायची माही हिंमत होऊन नाही राह्यली.

तुई,
रूपा