चौऱ्याऐंशीवा भागाकार

२ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प. २१४७४८३६४७ ही संख्या फोडायची. एकतीस वेळा दोन मांडून गुणायचे, एक वजा करायचा, की ही बया उभी. दादा म्हणायचा, मूळ संख्या आहे, कशानेच भाग जाणार नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस! मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सगळ्यांसमोर पैज लागली: हरेल त्याने ‘चुकलो’ म्हणायचं. तेव्हापासून सहा वर्षं अबोला. नोव्हेंबरात दादा गेला. म्हणून पैज संपत नाही.
४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. एकूण ४७९२. रोज वीस. ऑगस्टअखेर निकाल. कॅल्क्युलेटर नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३ जानेवारी
तीन: बाकी एक. सात: बाकी एक. नऊ: बाकी एक. ही म्हणाली, तीनने जात नाही ती नऊने कशी जाईल? म्हटलं, खात्री केलेली बरी.
अकरा: बाकी एक.

१९ जानेवारी
सर्दी. त्यात पेन्सिल हरवली. एकतीस: बाकी एक. दादाच मुद्दाम करतोय.
शेवटची वजाबाकी झाली की मागून दादाचा आवाज येतो. बाकी किती, मास्तर? वळून पाहिलं. खुर्चीवर टॉवेल. पोट बिघडलंय, दुसरं काही नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी
खुर्ची माळ्यावर टाकली. आता आवाज वरून येतो. भीती वगैरे नाही, भरदुपारी कसली भीती. तरी दिवा लावून बसतो.

२६ मार्च
गेली! ९७ ने पूर्ण भाग! तडक वहिनीकडे. तिने चहा ठेवण्याआधी गुणाकार करून पाहिला. ६५ कमी. म्हणाली, भाऊजी, उत्तर गुणून बघा असं मुलांना तुम्हीच सांगायचात ना?
मग दादाची वही हातात दिली.

२७ मार्च
दादाने आधीच चाळणी लावलेली. भाग गेलाच तर, ६२ ने भागून १ आणि ८ ने भागून १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांनीच जाईल. अशा फक्त चौऱ्याऐंशी. मला सुचलं असतं, सर्दी नसती तर. मी तीन महिन्यांत पंचवीस केल्या, नऊ धरून.
त्याचे त्र्याऐंशी भागाकार झालेत. शेवटचा, ४५९४३ चा, मांडून तसाच सोडलाय. शेजारी लिहिलंय: हा धाकट्याचा. तारीख भांडणानंतरच्या रविवारची.
वहिनी म्हणाली होती, हे दर रविवारी दार नुसतं लोटून ठेवायचे. त्या रस्त्याने जाताना मी पाहिलंय ते. वाटायचं, वाऱ्यासाठी असेल.

२८ मार्च
आज नाही. पेन्सिल बोथट आहे.

३० मार्च, दुपारी ३.२०
केला. भागाकार ४६७४२, बाकी १५९४१. गुणून पाहिलं. बरोबर.
खुर्ची माळ्यावरून काढली, पुसली, समोर ठेवली. चुकलो म्हणालो. मोठ्याने. ही आतून म्हणाली, कुणाशी बोलताय?
पाच वाजेपर्यंत बसून राहिलो. बाकी किती, कोणी विचारलं नाही.