सापाच्या वाट्याचा धीर

प्रिय पान्फिलो,

तुझ्या बाबांनी तुला संतांच्या यात्रेला बोलावलंय, हे मला टपालवाल्या एर्मिनियाकडून कळलं. अकरा वर्षांतलं पहिलं पत्र, आणि घरात मलाच पत्ता नाही! तू येणार म्हणून एर्मिनिया खुशीत आहे. मी नाही.

यात्रेत संतांच्या मूर्तीवर चढवायला मार्चमध्ये बाबांनी ओढ्यापलीकडच्या दगडांतून एक सापीण धरून आणली. बिनविषारी, पण महाखाष्ट. मडक्याचं झाकण काढलं की फूत्कार, आणि लगेच दात. त्यांना ते नवीन नाही. आठवतं ना, लसणाचा वास राहू नये म्हणून राखेने हात धुऊन चुलीशी बसायचे. सापाला मुठीत आवळायचं नाही, या तळव्यावरून त्या तळव्यावर जाऊ द्यायचं. चावला तरी हात हिसकायचा नाही. "घाबरू नकोस गं बाई, आपल्याला कुठे घाई आहे?" असं चाळीस-चाळीस दिवस. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी आमच्या लग्नाच्या दिवशीही बोलले नव्हते.

आणि तुझ्याशी? त्या वर्षी मिरवणुकीत तुझ्या हातातला साप तुला चावला, तू हात झटकलास, तो मूर्तीपुढे फरशीवर आपटला. एकोणीस वर्षांचं पोर तू. बाबांनी आधी सापाला उचलून कुरवाळलं, मग सगळ्या गावादेखत तुझ्या मुस्कटात मारली. "भित्र्याला माझ्या घरात जागा नाही." मी शेजारीच उभी होते. तोंडातून ब्र काढला नाही. स्वतःचीच चीड येते मला.

आता त्यांचे हात थरथरतात, आणि थरथरत्या हाताला साप चावणारच. आपल्या घराने साप नेला नाही, तर मूर्तीजवळ चालण्याचा मान दुसऱ्या घराकडे जाणार. पत्राचं विचारलं तर म्हणाले, "पोराचे हात तरी कामाला येऊ देत." तू कसा आहेस, हे एकदाही त्यांच्या तोंडी आलं नाही.

मग मीच मडकं उघडलं. पहिल्या आठवड्यात सात वेळा चावली. बाबा खुर्चीतून हसत होते, "तुझं काम नाही ते, मटार सोल जा." आता ती माझ्या बाहीत शिरून झोपते. एक मेच्या यात्रेत मीच तिला मूर्तीवर चढवणार आहे.

म्हणून लिहिते, तू येऊ नकोस. मी येते. सापिणीला तिच्या दगडांत सोडलं की तशीच स्टेशनवर जाईन. तोरीनोला तुझ्या स्वयंपाकघरात एक खाट टाकून ठेव. बाबांना अजून सांगितलेलं नाही. अडवतील म्हणून नव्हे रे. "खुशाल जा" म्हणतील, आणि ते मला ऐकवणार नाही.

तेव्हा गप्प राहिलेली, तरी तुझीच,
आई